शेतावर मुक्कामाला येण्याआधी: कोणत्या महिन्यात काय, आणि काय नाही

आमचं शेत मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यावरून थोडं आत आहे. पाहुण्यांसाठी चार खोल्या, एक लांब ओसरी आणि सकाळची न्याहारी. फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन-तीन प्रश्न जरा वाकडे वाटतील, पण तेही खरंच आलेले आहेत.

१. तिथे येऊन नक्की करायचं काय? रिसॉर्टसारखं काही आहे का?

नाही. स्विमिंग पूल, रेन डान्स, डीजे यातलं काहीच नाही. शेतात त्या आठवड्यात जे काम चालू असेल त्यात हात घालायचा, नाहीतर ओसरीवर बसून बघायचं. जुलैत लावणी असते, ऑक्टोबरात कापणी, जानेवारीत वालाच्या शेंगा, मे अखेरीस काजवे. पाहुणे आले म्हणून आम्ही काम पुढे-मागे करत नाही आणि खोटं कामही काढत नाही. एका गृहस्थांनी फेब्रुवारीत फोन करून ‘मुलांसाठी थोडी लावणी करून दाखवाल का’ असं विचारलं होतं. तेव्हा त्या खाचरात वाल उभा होता.

२. सगळ्यात चांगला महिना कोणता?

हे ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे. चिखलाची हौस असेल तर जुलै. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, रात्री शाल लागेल इतपत थंडी, पोपटीचे (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचे, प्रश्न १३) दिवस. खाण्यासाठी यायचं असेल तर जूनचे पहिले दोन आठवडे, कारण तेव्हा रानभाज्या निघतात आणि शेवटचे आंबेही असतात. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट: पाऊस ओसरतो, भात पोटरीतून बाहेर पडून लोंब्या दिसू लागतात, बांधावर तेरडा फुललेला असतो आणि गर्दी नसते. पण तेव्हा ‘करायला’ काही नसतं, म्हणून कोणी येत नाही. गौरी-गणपतीत आम्ही बंद असतो.

३. ठाणे किंवा नवी मुंबईहून कसं यायचं?

लोकलने कल्याण आणि तिथून एसटीने मुरबाड. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण ते मुरबाड साधारण ३० किलोमीटर. वाशी-ऐरोलीकडून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन कल्याणची गाडी पकडावी. स्वतःची गाडी असेल तर कल्याण–अहिल्यानगर महामार्ग सोडायचा नाही. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी माळशेजची सगळी गर्दी याच रस्त्याला असते, तेव्हा सकाळी सातच्या आत कल्याण सोडा. मुरबाडहून पुढे आणायला गाडी पाठवतो, आदल्या दिवशी सांगितलं तर.

४. भात लावणीला यायचंय. तारीख सांगा, सुट्टी टाकायची आहे.

तारीख सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे लावणीचं नाटक असतं. रोहिणी-मृगात राबावर, म्हणजे रोपांसाठी भाजून ठेवलेल्या वाफ्यावर (प्रश्न १७), बी पडतं. रोप साधारण तीन आठवड्यांचं झालं की लावणीला येतं. पण नुसतं रोप तयार होऊन भागत नाही, खाचरात पाणी साठून चिखलणी व्हायला हवी. पावसाने मध्येच आठवडाभर दडी मारली की सगळं थांबतं. बहुतेक वर्षी जुलैचा पहिला ते तिसरा आठवडा यातच लावणी उरकते. बुधवारी फोन करा, येत्या शनिवारचं सांगतो.

दिवस असा जातो. सकाळी राबावरचं रोप उपटायचं, मुळांची माती पाण्यात झटकायची आणि मुठी बांधायच्या. मग एकेक मूठ चिखलात फेकत जायची, म्हणजे लावणाऱ्याच्या हाताशी ती मिळत राहते. एका चुडात दोन-तीन रोपं घ्यायची, अंगठा आणि दोन बोटांत धरून चिखलात बसवायची आणि मागे सरकत जायचं. नवखा माणूस हमखास दोन चुका करतो: पाच-सहा रोपांचा जाडजूड चूड घेतो आणि मनगटापर्यंत खुपसतो. खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. बोटाची दोन पेरं गेली की पुरे. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते; बांधावर चहा तयार असतो.

चिखलणी आता पॉवर टिलरने होते. बैलजोडीच्या मागे औत धरलेला फोटो हवा असेल तर गावात आता दोनच जोड्या उरल्या आहेत, आणि त्या त्यांच्या मालकाच्या कामात असतात.

५. पैसेही आम्हीच द्यायचे आणि चिखलात राबायचंही आम्हीच? हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहे. पैसे राहण्या-जेवणाचे आहेत, लावणीचे वेगळे घेत नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या राबण्याने आमचं काम वाचत नाही. पाहुण्यांसाठी रस्त्याकडेचं एकच खाचर ठेवलेलं असतं. तुम्ही आंघोळीला गेलात की गावातल्या दोघी बायका त्यात उतरून तरंगलेले चूड पुन्हा बसवतात. त्यांची मजुरी आम्ही देतो. हे कळल्यावर काहीजण हिरमुसतात, काहीजण दुसऱ्या दिवशी नीट शिकून घेतात.

६. चिखलात उतरून काही आजार, साप वगैरे?

दोन्हीची काळजी घ्यावी लागते.

उंदीर-गुरांच्या मूत्रातून पाण्यात जाणाऱ्या जंतूंमुळे लेप्टो होतो आणि ते जखमेतून शिरतात. पायाला ओली जखम, भेग, ताजा फोड असेल तर उतरू देत नाही, ओसरीवर बसा. आधी गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, आम्ही गोळ्या वाटत नाही. वर आल्यावर साबणाने पाय धुवा. घरी गेल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘भाताच्या चिखलात उतरलो होतो’ हे वाक्य आठवणीने सांगा.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत. लावणीपेक्षा कापणीच्या वेळी घोणस जास्त दिसते, कारण उंदरांमागे ती भाऱ्याखाली येते. रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरायचं नाही, चप्पल झटकून घालायची, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही. दंश झालाच तर चिरा, आवळपट्टी, भगत यांपैकी काही नाही. हात-पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. आमची गाडी रात्रीही दारातच असते.

७. पावसाळ्यात धबधब्यावर नेता का?

नाही. डोंगरावर झालेला पाऊस खाली दिसत नाही आणि ओढा दहा मिनिटांत चढतो. बऱ्याच पावसाळ्यांत जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणांच्या परिसरात जायला बंदी घालतं. ती असताना ‘ओळखीचा रस्ता आहे का’ असं विचारू नये. आमच्या पडवीसमोरून सह्याद्रीची भिंत दिसते. मोठ्या सरीनंतर तिच्यावर पांढऱ्या धारा मोजत बसता येतं.

८. काजवे कधी? नक्की दिसतील का?

मे अखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंत. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की संख्या वाढते, मुसळधार लागला की संपतं. शेताच्या वरच्या अंगाला सादडा, हिरडा, उंबर यांची झाडं आहेत. अंधार पडल्यावर साधारण आठ ते दहा चांगला वेळ. चांदणं जेवढं कमी तेवढं बरं, म्हणून अमावस्येच्या आसपासचे दिवस आधी भरतात.

अट एकच आणि ती कडक आहे: बॅटरी, मोबाइल, फ्लॅश, गाडीचे दिवे सगळं बंद. ते चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं आहे. तुमच्या उजेडात त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही. बरणीत भरून मुलाला ‘जवळून’ दाखवण्याचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही परत आणतो. आठ-आठ जणांनाच नेतो, दोरीला धरून. फोटो येत नाहीत. आलेच तर ते बहुतेक तासभर ट्रायपॉड लावून बसलेल्या माणसाचे असतात.

९. रानभाज्या स्वतः खुडता येतात का?

आमच्याबरोबर, हो. एकट्याने अजिबात नाही. पहिल्या पावसात शेवळं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. श्रावणाच्या सुमाराला कंटोली. पाड्यावरच्या मावशी बरोबर असतात आणि त्यांची नजर वेगळीच आहे: जिथे मला नुसतं गवत दिसतं तिथे त्या चार भाज्या मोजतात.

शेवळाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ठाण्याच्या बाजारात जूनमध्ये त्याच्या जुड्या दिसतात आणि नवखे लोक नेऊन साधी परततात. मग रात्रभर घसा खाजतो. शेवळाबरोबर काकडं घालावी लागतात, ती रानातली आंबट हिरवी फळं. आमची आजी काकडं वाटून त्याचा रस घालते, शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकते आणि वर कोळंबी किंवा खिमा. काकडं मिळाली नाहीत तर त्या दिवशी शेवळं करायचीच नाहीत, हा घरचा नियम.

१०. रात्री खेकडे पकडायला नेणार का? आणि वलगणीचे मासे?

खेकड्यांना जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबलेल्या रात्री नेतो, फक्त मोठ्या माणसांना, जास्तीत जास्त चौघांना. पोटाखाली पिल्लं असलेली मादी सोडायची.

वलगणीला नेत नाही. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला उलटे वर खाचरात चढतात, ते तिथेच पकडले तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय राहणार? गावात सगळे पकडतात, मीही लहानपणी पकडलेत. आता आमच्या बांधावर नाही.

११. न्याहारीला काय असतं? श्रावणात मटण मिळेल का?

तांदळाची भाकरी, घावन, पोहे, कधी पानगी. नागपंचमीच्या सुमारास हळदीच्या पानातल्या पातोळ्या. श्रावणात आमच्या चुलीवर मांस-मच्छी शिजत नाही, अंडंही नाही. आधीच सांगतो, कारण एकदा बारा जण आषाढ समजून श्रावणात आले होते. लोणी, तूप घरचं असतं, पण गाय आटली की नसतं.

१२. दिवाळीच्या सुट्टीत कापणी असते का? मुलांना विळा द्याल?

हळवं भात दसऱ्याच्या आसपास कापायला येतं, गरवं दिवाळीनंतर. त्यामुळे सुट्टीत काही ना काही सापडतंच. बारा वर्षांखालच्या मुलांना विळा देत नाही. त्याला दात्रे असतात आणि तो चाकूसारखा सुळकन जात नाही, ओढून कापतो. त्यामुळे जखम वाकडी होते. मुलांचं काम म्हणजे पेंढ्या वेचून भाऱ्याशी आणणं आणि खळ्यावर झोडणी बघणं. झोडणीला फळीवर पेंढी आपटायला त्यांना फार आवडतं, आणि दाणे डोळ्यांत जातात म्हणून चष्मा असलेली मुलं तिथे भाव खातात.

दिवाळीआधी वाघबारस येते. त्या दिवशी वरच्या पाड्यावरची गुराखी मंडळी वाघोबाला नैवेद्य करतात. बोलावलं तर जायचं, पाहुणे म्हणून मागे उभं राहायचं. तो कार्यक्रम आमच्या यादीत नाही.

१३. हुरडा पार्टी आहे का?

नाही, कारण ज्वारीच नाही. हुरडा घाटावरचा, पुणे-सोलापूर-नगरकडचा. आमचं भाताचं कोकण. घाटावरून पोत्यातून हुरडा आणून इथे ‘शेतातला हुरडा’ म्हणून खायला घालणं जमेल, पण ते करायचं नाही असं ठरवलंय.

त्याच दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, आमच्याकडे पोपटी होते. पोपटी मूळ रायगडची. आमच्या घरी ती वहिनींच्या माहेरून, रोह्याकडून आली. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात, त्याच्या शेंगा भरल्या की बेत. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला दाबायचा. हा पाला त्याच शेतात तण म्हणून उगवतो आणि चुरगळला की ओव्यासारखा उग्र वास येतो. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग बटाटे, रताळी, कोनफळ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मधोमध. पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला इतका घट्ट कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी काही पडता कामा नये, कारण ते उलटंच ठेवायचं असतं. पाणी नाही, तेल नाही. भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून आग. अर्धा-पाऊण तास. झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि चर्र झालं की काढायची. आमच्या वहिनी तो आवाज ओसरीवरून ऐकून ‘अजून पाच मिनिटं’ म्हणतात.

कागदी प्लेट मागू नका. पेपरवर ओतून सगळ्यांनी मिळून खायची.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. पोपटी चालेल?

चालेल. मडकं दरवेळी नवं असतं, तुमचं वेगळं लावतो. दोन मडक्यांना दुप्पट जळण लागतं, तेव्हा आधी सांगा.

१५. हिवाळ्यात जवळपास फिरायला काय?

वैशाखऱ्यावरून नाणेघाट. कल्याण-जुन्नर हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग; वर लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि वाटेशेजारी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. चढायला दोन-तीन तास धरा. गोरखगडाच्या शेवटच्या कातळपायऱ्या उंचीची भीती असणाऱ्यांसाठी नाहीत, आणि पावसात कोणासाठीच नाहीत.

पौष पौर्णिमेला म्हसा गावी यात्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, शेतीची अवजारं. बैलाचे दात बघून, उपरण्याखाली हात धरून होणारे सौदे बघण्यासारखे असतात. त्या दिवसांत म्हशाचा रस्ता तुंबतो, गोरखगडाचा बेत तेव्हा करू नका.

१६. फ्लेमिंगो दिसतात का तुमच्याकडे?

नाही. ते तुमच्याकडेच आहेत! ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये घोषित झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने बघता येतात, हिवाळा ते मे. बोट भरती-ओहोटी बघून सुटते, वेळ आधी विचारून जा. आमच्याकडे बगळे, खंड्या, भारद्वाज आणि पहाटे चारला ओरडणारा एक कोंबडा. त्याच्याबद्दलच्या तक्रारी आम्ही घेत नाही.

१७. एप्रिलमध्ये आलो तर शेताचे तुकडे जळालेले होते, धूरही होता. हे काय?

तो राब. पुढच्या पावसात जिथे रोप करायचं त्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून भाजतात. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते आणि जुलैत रोप मुळासकट सहज उपटून येतं (प्रश्न ४). तोटेही आहेत: झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, धूर होतो. आम्ही अर्ध्या वाफ्यांवर भाजणं सोडून शेणखत आणि गादीवाफा सुरू केलाय. रोप येतं, पण तण जास्त. दम्याचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा, भाजणीचे दिवस टाळून देतो.

१८. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते. यावं का?

यावं, पण दुपार विसरून. पारा चाळिशी गाठतो. सकाळी सहा ते नऊ करवंदं, रायवळ आंबे, महिनाअखेरीस जांभळं. मग झोप. संध्याकाळी पुन्हा बाहेर. जांभळांसाठीच यायचं असेल तर बदलापूरची बघा, त्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. आमची बिया मोठ्या, गर कमी, पण झाडाखाली बसून खायला फुकट.

मे महिन्यात आंघोळीला माणशी दोन बादल्या. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर अशी मुंबईची तहान भागवणारी धरणं आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. आमची विहीर आजवर आटली नाही, ती अशाच बादल्या मोजून.

१९. मोहाचे दिवस असतात तेव्हा ‘ती’ मिळेल का?

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पडतात. ती वेचायला या, उन्हात वाळवलेल्या फुलांची भाकरी खा. ‘ती’ मिळत नाही, आणि गावात कोणाला विचारूही नका. बाहेरून आणलेलीही इथे चालत नाही.

२०. शाळेची सहल किंवा सोसायटीची चाळीस माणसं आणू का?

दिवसापुरती तीस, मुक्कामाला बारा. त्यापलीकडे नाही. लावणीच्या आठवड्यात गट घेतच नाही. शेतात काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे मुलांना आधी सांगून आणा; मोठ्यांनाही. ड्रोन उडवू देत नाही, गुरं बिथरतात.

२१. लावणीसाठी आलो आणि पाऊसच नाही, किंवा इतका पडला की रस्ता बंद. पैसे परत?

रेड अलर्ट असेल किंवा रस्ता बंद असेल तर पूर्ण परत, किंवा दुसरी तारीख. पाऊस नाही म्हणून लावणी झाली नाही तर परत नाही. बुधवारी फोनवर अंदाज सांगितलेला असतो. त्याच हंगामात पुन्हा आलात तर खोलीचं भाडं निम्मं. काजव्यांनाही हाच नियम. ‘काजवे कमी होते’ या कारणावर एकदा अर्धा तास वाद झाला होता, म्हणून हे लिहून ठेवलं.

२२. आम्ही लावलेल्या खाचरातला तांदूळ मिळेल का? वाडा कोलम आहे का?

मिळतो, डिसेंबरनंतर, पाच किलोच्या पिशवीत. त्याच खाचराचा असेल याची खात्री मात्र नाही, खळ्यावर सगळं एकत्र होतं. वाडा कोलम नाही; तो पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचा, त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि कोणी मुरबाडात पिकवून ते नाव लावत असेल तर घेऊ नका. आमचा कर्जतच्या संशोधन केंद्राच्या वाणाचा, थोडा जाड, भाकरीला उत्तम. नवा तांदूळ चिकट होतो, तेव्हा पहिले दोन महिने नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी कमी घाला.